हजेरीपटातून संशोधन उगवत नाही

आमच्या विद्यापीठांच्या आवारांत सध्या नवनिर्मितीचा मोठा गजर चालला आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने प्रत्येक विद्यापीठाला नवोपक्रम आणि उद्योजकता यांसाठी स्वतंत्र मंडळ दिले, त्या कामासाठी स्वतंत्र संचालक दिला. महाविद्यालयांच्या दारांवर नवोपक्रम कक्षाच्या पाट्या लागल्या, उद्घाटनाच्या फिती कापल्या गेल्या, अहवालांचे रकाने भरले जाऊ लागले. कायद्याचा हेतू चांगला आहे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. परंतु मंडळ स्थापन केले म्हणजे कल्पना सुचू लागतात, ही समजूत पाटी लावली म्हणजे दुकान चालते या समजुतीइतकीच भाबडी आहे. कल्पना माणसांना सुचतात. आणि ज्या जागी माणसाला आपल्या कामाविषयी आपलेपणा वाटतो, ज्या जागी त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतो, त्याच जागी त्या सुचतात. विद्यापीठाच्या नवनिर्मितीचा प्रश्न हा प्रथम तेथे राबणाऱ्या माणसांचा प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत शेवटी होते.

हे तत्त्व भिवंडीकराला समजावून सांगण्यासाठी विलायतेतील ग्रंथ उघडण्याची गरज नाही. आमच्या शहरात यंत्रमागाचा खडखडाट अहोरात्र चालतो. ज्याने एकदा तरी कारखान्यात पाऊल टाकले आहे, त्याला ठाऊक आहे की मागाची नाडी मालकापेक्षा जॉबर अधिक ओळखतो. ताण्याचे धागे वारंवार का तुटतात, धोटा कोठे अडखळतो, कोणत्या मागाचा कोणता भाग पावसाळ्यात बिघडतो, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. ते जॉबरच्या बोटांत आहे, विणकराच्या कानांत आहे. ज्या कारखान्यात मालक त्याला विचारतो, तेथे जुना माग चार वर्षे अधिक चालतो आणि कापडही बरे निघते. ज्या कारखान्यात त्याला केवळ ताक्याचा हिशेब मागितला जातो, तेथे तो ताकेच मोजतो आणि दोष गिळून टाकतो. विद्यापीठ हाही एका अर्थी मागच आहे. फरक इतकाच की तेथील ताणा आणि बाणा ज्ञानाचा असतो. आणि तेथे धागा तुटला तर त्याचा आवाज होत नाही.

इतिहासाकडे वळले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्यानंतरची साठ वर्षे ते मुख्यतः परीक्षा घेणारी आणि पदव्या वाटणारी कचेरी होते. १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या हाती समाजशास्त्राचा विभाग सोपविण्यात आला, आणि स्वतः शिकविणारे, स्वतः शोध घेणारे विद्यापीठ होण्याकडे त्याने पाऊल टाकले. परंतु या विद्यापीठाच्या इतिहासातील सर्वांत तेजस्वी प्रयोग कोणता, असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही बोट दाखवू ते १९३३ साली सुरू झालेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाकडे. गिरण्यांच्या या नगरीत कापडाची रंगाई आणि प्रक्रिया यांचे शास्त्र शिकविणारी माणसे हवी होती, त्या गरजेतून हा विभाग जन्मला. १९३८ साली त्याची धुरा प्रा. के. वेंकटरामन यांच्याकडे आली. पुढे १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला. १९६४ साली याच विभागाने मनमोहन शर्मा या अवघ्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला प्राध्यापकाच्या खुर्चीवर बसविले. आज एखाद्या महाविद्यालयात सत्तावीस वर्षांच्या शिक्षकाला स्वतःचे कपाटही मिळत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निर्णयाचे धैर्य उमगते. त्याच शर्मांच्या मार्गदर्शनाखाली रघुनाथ माशेलकर यांनी १९६९ साली डॉक्टरेट मिळविली. १९९० साली शर्मा लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. पुढे औषधनिर्मितीत नाव काढणारे अंजी रेड्डी हेही याच विभागाचे विद्यार्थी. २००८ साली या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली, त्याच नियमांत, त्याच अनुदानाच्या चणचणीत हा एक विभाग जगाच्या नजरेत का भरला आणि इतर कित्येक विभाग का भरले नाहीत? बुद्धिमत्ता माटुंग्यातच पिकते असे तर कोणी म्हणणार नाही. उत्तर तेथील कामाच्या पद्धतीत आहे. अध्यापकाने उद्योगांना सल्ला द्यावा, कारखान्यातला प्रश्न प्रयोगशाळेत आणावा आणि प्रयोगशाळेतले उत्तर कारखान्यात न्यावे, याला तेथे गुन्हा मानले गेले नाही. उलट ते कर्तव्य मानले गेले. उद्योगांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या देणग्यांनी तेथील अध्यापनाला आणि संशोधनाला बळ दिले. तरुणाला जबाबदारी लवकर मिळाली. ज्येष्ठाने कनिष्ठाचे नाव झाकले नाही. ही संस्कृती कोणत्याही परिपत्रकाने निर्माण केली नव्हती, आणि म्हणूनच ती संचालक बदलले तरी टिकली.

याहूनही जुने उदाहरण महाराष्ट्राच्या घरातलेच आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहिले. तेथे आजीव सदस्यांची पद्धत होती. अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवेची प्रतिज्ञा करणारे शिक्षक हेच संस्थेचे चालक होते. वर्गात शिकविणारा आणि संस्थेचा निर्णय घेणारा अशी दोन माणसे तेथे नव्हती. १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर होण्याचा मान मिळविणारे पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी नोकरीच्या मोहात न पडता या तुटपुंज्या वेतनाकडे परतले, ते केवळ त्यागबुद्धीने नव्हे. ही संस्था आपली आहे, या भावनेने. अर्थात या चित्राला दुसरी बाजूही आहे. लोकमान्य टिळकांनी १८९० साली याच संस्थेचा राजीनामा दिला, आणि वादाचे मूळ वेतन, बाहेरील उत्पन्न आणि सेवेचे तत्त्व यांतच होते. सहभागाची पद्धत आली म्हणजे मतभेद संपतात, असे आम्ही म्हणत नाही. मतभेद उघड होतात, एवढेच. परंतु जेथे मतभेद उघड होतात तेथे विचार जिवंत असतो. जेथे सर्व काही एकमताने मंजूर होते, तेथे बहुधा सर्वांनी विचार करणे सोडून दिलेले असते.

परदेशातही याहून वेगळे घडले नाही. केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेने १९६२ पासून नोबेल पारितोषिकांची जणू रांगच लावली. तिचे प्रमुख मॅक्स पेरुत्झ यांनी आरंभापासून एका गोष्टीचा आग्रह धरला, ती गोष्ट म्हणजे खानावळ. पारितोषिकविजेता शास्त्रज्ञ, नुकताच आलेला विद्यार्थी आणि उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर एकाच मेजावर चहा घेत. त्या खानावळीची व्यवस्था पेरुत्झ यांच्या पत्नीनेच पाहिली. वरवर पाहता ही क्षुल्लक बाब वाटेल. परंतु आमच्या किती महाविद्यालयांत प्राध्यापक, लिपिक आणि प्रयोगशाळा परिचर एकत्र बसून चहा घेतात, हे वाचकांनी स्वतःशीच आठवून पाहावे. आमच्याकडे चहाचे कपसुद्धा श्रेणीनुसार वेगळे असतात. मग एकाची अडचण दुसऱ्याला कळावी कशी, आणि दोन अर्धवट कल्पना एकत्र येऊन तिसरी पुरी कल्पना जन्मावी कशी?

हे झाले यशाचे दाखले. आता अपयशाचा एक दाखला पाहू. तो मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या भिवंडीच्या विद्यार्थ्यांनीही भोगला आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. कल्पना आधुनिक होती, आणि तत्त्वतः तिच्यात काहीच वावगे नव्हते. परंतु ज्या हजारो शिक्षकांनी ती राबवायची, त्यांची पुरेशी तयारी करून घेतली गेली नाही. घाई झाली, यंत्रणा कोलमडली, निकाल कायद्याने घातलेली मुदत ओलांडून गेले. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही हुकली. परदेशी किंवा इतर विद्यापीठांत प्रवेश घेऊ पाहणारे विद्यार्थी हवालदिल झाले, आणि अखेर ऑक्टोबर महिन्यात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. दोष यंत्राचा नव्हता. ही सुधारणा वरून टाकली गेली, खालून उचलली गेली नाही. म्हणून ती पडली. एखाद्या अनुभवी परीक्षा-लिपिकाला किंवा पंचवीस वर्षे पेपर तपासणाऱ्या शिक्षिकेला आधी विश्वासाने विचारले असते, तर वर्षभर आधी एखाद्याच विद्याशाखेत प्रयोग करा, असा साधा सल्ला कोणीही दिला असता. त्या सल्ल्याची किंमत शून्य रुपये होती. तो न घेतल्याची किंमत एका पिढीने मोजली.

दुसरा रोग याहून सूक्ष्म आहे. अध्यापकाचे मूल्य गुणांनी मोजण्याची पद्धत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांनी रूढ केली. शोधनिबंध लिहिला की इतके गुण, परिषदेला गेले की तितके, आणि गुण जमले की बढती. हेतू आळशांना हलविण्याचा होता. परिणाम काय झाला? निबंध वाढले, संशोधन वाढले नाही. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक फोफावले. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. पुढे नवी यादी केली, आणि २०२५ साली तीही मोडीत काढली. माणसावर विश्वास ठेवायचा नाही आणि त्याच्याकडून प्रतिभेची अपेक्षा मात्र करायची, या विसंगतीचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही. ज्याचे मोजमाप कराल, तेच तुमच्या पदरात पडेल. विणकराला ताक्यावर मजुरी द्या, तो ताके देईल. त्या कापडात तुटलेले धागे किती, हे तो तुम्हांला सांगणार नाही.

आणि आता या प्रश्नाचा गाभा. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून त्यांचे काम तासिका तत्त्वावरील शिक्षकांकडून करून घेतले जाते. हा तरुण पदव्युत्तर पदवी घेतलेला असतो, पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला असतो, पुष्कळदा डॉक्टरेटही मिळविलेला असतो. त्याला तासाप्रमाणे मानधन मिळते. सुट्टीत ते थांबते, आणि नव्या सत्रात आपण असू की नाही हे त्याला ठाऊक नसते. दोन महाविद्यालयांत तास घेण्यासाठी तो सकाळी एका गावी आणि दुपारी दुसऱ्या गावी धावतो. विभागाच्या बैठकीत त्याला बोलावले तरी त्याचा शब्द मोजला जात नाही. अशा माणसाने पाच वर्षे चालणारे संशोधन हाती घ्यावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? पुढच्या जूनमध्ये हा वर्ग आपला असेल की नाही हे ज्याला माहीत नाही, तो झाड लावत नाही. तो फार तर कुंडीला पाणी घालतो.

शिक्षकांखेरीज जो वर्ग आहे, त्याची दखल तर कोणी घेतच नाही. प्रयोगशाळेतील परिचर, ग्रंथालयातील सहायक, परीक्षा विभागातील लिपिक ही विद्यापीठाची खरी स्मृती होय. कोणते उपकरण कोठे पडून आहे, कोणत्या कपाटात जुने अहवाल आहेत, विद्यार्थ्याचा अर्ज कोणत्या खिडकीवर अडतो, हे त्यांना माहीत असते. त्यांच्या जागी हळूहळू ठेकेदारामार्फत माणसे येत आहेत. ठेका संपला की माणूस जातो, आणि त्याच्याबरोबर ती स्मृतीही जाते. खर्च वाचला असे हिशेबनीस सांगतो. काय गमावले, हे त्याच्या वहीत लिहायला रकानाच नसतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. कायम नोकरीनेच माणूस निष्क्रिय होतो, तिशीत कायम झालेले कितीतरी प्राध्यापक साठीपर्यंत पिवळ्या पडलेल्या त्याच टिपणांवरून शिकवितात, मग सुरक्षिततेने नवनिर्मिती कशी येईल, असे विचारले जाते. आक्षेपात तथ्य आहे. सुरक्षितता ही नवनिर्मितीची आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे. परंतु त्या पिवळ्या टिपणांचा इतिहासही तपासला पाहिजे. त्याच प्राध्यापकाने कधीतरी पंचविशीत एखादी नवी कल्पना मांडली होती. तिच्यावर सही करण्यासाठी फाइल चार टेबलांवरून फिरली आणि पाचव्या टेबलावर झोपली. दुसऱ्यांदा त्याने कल्पना मांडली, तेव्हा एका ज्येष्ठाने त्याला आपली पायरी ओळखण्याचा सल्ला दिला. तिसऱ्यांदा त्याने ती मांडलीच नाही. आळस हा पुष्कळदा जन्मजात नसतो. तो संस्थेने शिकविलेला असतो. म्हणून कामचुकारांवर कारवाई अवश्य व्हावी, पण ती करताना काम करू पाहणाऱ्याच्या वाटेतील धोंडे कोण उचलणार, याचेही उत्तर व्यवस्थापनांनी द्यावे.

आता आमच्या शहराकडे वळू. देशातील यंत्रमागांचे हे एक सर्वांत मोठे केंद्र. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापडाचे काम मोठ्या प्रमाणावर येथे आले. मराठी, उर्दू, तेलुगू आणि हिंदी या चारही भाषा येथे एकाच गल्लीत ऐकू येतात. १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारने यंत्रमागांसाठीची पॉवरटेक्स इंडिया योजना येथूनच जाहीर केली. गेल्या काही वर्षांत शहराभोवती गोदामांचे दुसरे एक शहर उभे राहिले आहे. नगरपालिकेचे नाव धारण करणारे बी. एन. एन. महाविद्यालय येथे आहे, जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय आहे, समदिया महाविद्यालय आहे. वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरी माग आहेत किंवा घरातले कोणी मागावर राबते. असे असता जुन्या मागाचा कर्णकठोर आवाज कसा कमी करावा, कापसाच्या तुसाने भरलेल्या हवेत फुफ्फुसे कशी वाचवावीत, वीज कशी वाचवावी, रंगाईचे पाणी कामवारीत जाण्यापूर्वी स्वच्छ कसे करावे, हे प्रश्न आमच्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मध्यवर्ती जागा मिळवीत नाहीत. रसायनशास्त्राचा विद्यार्थी पाठ्यपुस्तकातला ठरलेला प्रयोग वहीत उतरवितो, आणि त्या पाण्यावर प्रयोग करण्याची संधी खिडकीबाहेर वाहत असते. यात शिक्षकाची बुद्धी कमी पडते असे नव्हे. असा प्रश्न हाती घेण्याला लागणारा वेळ, मोकळीक, थोडासा पैसा आणि पाठीवरचा हात त्याच्याजवळ नसतो.

म्हणून आमच्या मागण्या मोठ्या नाहीत, पण नेमक्या आहेत. पहिली, शासनाने रिक्त जागा भरण्याचे वेळापत्रक जाहीर करावे आणि ते पाळावे. तोपर्यंत तासिका तत्त्वावरील शिक्षकाला निदान पूर्ण वर्षाची नेमणूक, दरमहा वेतन आणि विभागाच्या बैठकीत मताचा अधिकार द्यावा. दुसरी, प्रत्येक विभागाला एक छोटा निधी असावा, जो खर्च करण्यासाठी विभागप्रमुखाची एकच सही पुरेल, आणि ज्यातून केलेला प्रयोग फसला तरी खुलासा मागितला जाणार नाही. तिसरी, नवोपक्रमाच्या समित्यांवर लिपिक, प्रयोगशाळा परिचर आणि ग्रंथपाल यांना बसवावे, आणि तेही केवळ इतिवृत्त लिहिण्यासाठी नव्हे. चौथी, कोणतीही मोठी सुधारणा लागू करण्यापूर्वी ती राबविणाऱ्यांसमोर ठेवावी, एका ठिकाणी प्रयोग करून पाहावी, मगच सर्वत्र न्यावी. पाचवी मागणी शासनाकडे नाही, ती भिवंडीच्या मालकवर्गाकडे आहे. आपल्या कारखान्याची दारे त्यांनी शिक्षक-विद्यार्थ्यांना उघडावीत, आपल्या जॉबरला महाविद्यालयात दोन तास बोलायला पाठवावे आणि त्या दोन तासांची मजुरी कापू नये.

यांतील एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. पहिलीला पैसा लागेल, हे खरे. परंतु रिकाम्या खुर्च्यांवर उभ्या केलेल्या नवोपक्रम कक्षांना लागणारा पैसाही पैसाच आहे. उरलेल्या चार गोष्टींना लागते ती केवळ वृत्ती. आपल्या हाताखालच्या माणसाला आपल्याला न सुचलेले काही सुचू शकते, एवढे मान्य करण्याइतकी नम्रता कुलगुरूंनी, प्राचार्यांनी आणि संस्थाचालकांनी दाखविली पाहिजे. ती दाखविणे कठीण आहे हे आम्ही जाणतो, कारण आमच्याकडे खुर्ची ही बसण्याची वस्तू राहिलेली नाही, ती उंच दिसण्याची वस्तू झाली आहे. परंतु ज्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचा आम्ही वर उल्लेख केला, तोही मुंबईच्या कापडधंद्याच्या गरजेतूनच उभा राहिला होता. ती गरज आज भिवंडीच्या गल्ल्यांत जशीच्या तशी उभी आहे. माणसेही आहेत, त्यांना वागविण्याची रीत तेवढी बदलायची आहे. ती बदलण्याचा आरंभ येत्या शैक्षणिक वर्षात या शहरातील एका तरी महाविद्यालयाने करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे, आणि जे महाविद्यालय हा आरंभ करील त्याच्या पाठीशी भिवंडीच्या नागरिकांनी उभे राहावे, अशी त्यांना विनंती आहे.